नागपुरात फुटबॉलचे बूट घेताय? आधी मैदानात किल्ली खुपसून पाहा

मागच्या एप्रिलमध्ये भाच्याला घेऊन बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, बूट घ्यायला गेलो होतो. पोट्टा १३ वर्षांचा, दुकानात पाय ठेवल्याबरोबर त्याचा हात सरळ एका पोपटी बुटावर गेला, वर घोट्यापर्यंत मोज्यासारखं विणलेलं अन् खाली पात्यासारखे लांब स्टड, म्हणजे तळाचे खुंट. "मामा, मले हेच पाहिजे." म्हटलं तू खेळतो कुठं बे? तर म्हणे शाळेच्या मैदानावर, अन् रविवारी कधी कधी टर्फवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या गवतावर. आता शाळेचं मैदान म्हणजे एप्रिलमध्ये तिथं गवताची काडी नसते, नुसता मुरूम अन् त्यावर फुफाटा, वरून ४४ डिग्री. दुकानदारानं साइज विचारला, डबा काढला, बिल करायला घेतलं. मैदान कसं आहे हे त्यानं विचारलंच नाही, अन् खरं सांगू का, कोणीच विचारत नाही. रंग विचारतात, बजेट विचारतात, मेस्सीवाला पाहिजे का रोनाल्डोवाला ते विचारतात, पण ज्या जमिनीवर तो बूट आपटणार आहे तिची चौकशी शून्य.

म्हणून हे लिहून काढतोय. मी काही कोच-बिच नाही, वीसेक वर्षं नागपूर-कामठीच्या मैदानांवर धूळ खाल्लेला एक राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, आहे, आता गुडघा कुरकुरतो म्हणून फक्त रविवारपुरता. पण बुटांमध्ये जेवढे पैसे मी वाया घालवले तेवढ्यात एक सेकंडहँड गाडी आली असती, तर तेवढा अनुभव तरी धरा.

पहिला फटका कॉलेजच्या पहिल्या वर्षी बसला. घरच्यांना महिनाभर मस्का मारून पातेवाले बूट घेतले अन् मार्चच्या टुर्नामेंटला घालून उतरलो. मैदान वाळून दगड झालेलं. दहाव्या मिनिटाला मी वळायला गेलो तर शरीर वळलं अन् पाय नाही वळला, कारण पुढचं पातं जमिनीच्या भेगेत अडकलं होतं. घोटा सुजून टमाटा झाला. तीन आठवडे क्रेप बँडेज, अन् आईचं रोज एकच वाक्य, की एवढे महागाचे बूट घेऊनही पडलाच. बूट वाईट नव्हता हो, चांगला होता, फक्त त्या जमिनीसाठी बनलेलाच नव्हता हे मला समजायला अजून दोन जोड लागले.

आता त्या अक्षरांचं समजून घ्या. बुटाच्या डब्यावर नाहीतर जिभेच्या आतल्या लेबलवर दोन अक्षरं असतात, एफजी, एसजी, एजी, टीएफ, आयसी किंवा आयएन, असं काहीतरी. मॉडेलचं नाव, रंग, किंमत हे सगळं बाजूला ठेवून आधी ती दोन अक्षरं वाचायची. एकाच नावाचा बूट या चारपाच तळांमध्ये येतो, वरून हुबेहूब सारखा दिसतो, अन् ऑनलाइन मागवताना लोकं फोटो पाहून नेमकं इथंच फसतात.

एफजी म्हणजे फर्म ग्राउंड. फर्म म्हणजे आपण समजतो कडक, अन् सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कंपनीच्या डोक्यातलं फर्म मैदान म्हणजे कापलेलं, पाणी मारलेलं हिरवंगार गवत, ज्यात स्टड पूर्ण रुततो पण चिखल होत नाही. टीव्हीवर जे दिसतं ते. आपल्या उन्हाळ्यातल्या मैदानाला त्यांच्या बहुतेक दुकानांत खानाच नाही. म्हणजे एचजी, हार्ड ग्राउंड, असा एक प्रकार आहे, पण तो जास्त करून जपानी बाजारासाठी बनतो, कारण तिकडं शाळांची मैदानं मातीची असतात, मिझुनो-असिक्सवाल्यांना मातीवरचा खेळ माहीत आहे. त्यात स्टड आखूड, जाड, रबराकडं झुकणारे अन् संख्येनं जास्त असतात. आपल्याकडं एचजी असं लिहिलेला बूट मिळाला तर डोळे झाकून घ्या, पण सहसा मिळत नाही, म्हणून आपल्याला जुगाड शोधावा लागतो. तो जुगाड खाली सांगतो.

आधी स्टड करतो काय ते पाहू. स्टडचं काम जमिनीत घुसणं. तो पूर्ण घुसला की तळ जमिनीवर टेकतो, तुमचं वजन अख्ख्या तळव्यावर पसरतं अन् पकड मिळते. पण जमीन कडक असली की तो घुसतच नाही, मग ७० किलोचा माणूस त्या दहा-बारा टोकांवर उभा राहतो, बाजेवर गादी न टाकता झोपल्यासारखं, अन् प्रत्येक टोक खालून तळव्यात टोचतं. पळताना घसरतं ते वेगळंच. तासाभरानं चवड्याखाली आग होते, टाच ठणकते, दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की देव आठवतो. वरून एफजी बुटात गादी जवळपास नसतेच, कारण गवत हीच गादी असं गृहीत धरलेलं असतं.

तर जमीन कशी आहे हे ओळखायचं कसं? मी किल्ली वापरतो. खिशातली घराची किल्ली काढायची (गाडीची नको, वाकली तर घरी पायी जाल), मैदानाच्या मधोमध बसायचं अन् अंगठ्यानं दाबून ती जमिनीत खुपसायची. गोलपोस्टजवळ नाही, तिथली माती नेहमी उकरलेली असते. किल्ली नुसती ओरखडा काढते अन् आत जातच नाही, तर स्टड विसरा, टीएफ घाला. जोर लावला की बोटाच्या एका पेरापर्यंत जाते, तर एफजी. अन् न दाबताच लोण्यात सुरी जावी तशी अख्खी गेली, वर काढल्यावर माती चिकटून आली, तर ते एसजीचं, म्हणजे सॉफ्ट ग्राउंडच्या बुटाचं, मैदान. माझा एक मित्र स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो. त्याला आम्ही इंजिनियर म्हणतो, तो आहे पण इंजिनियरच.

हे टीएफ प्रकरण, म्हणजेच वर म्हटलेला जुगाड, नीट समजून घ्या, कारण नागपूरच्या माणसाच्या कामाचं तेच आहे. टीएफ म्हणजे टर्फ शूज. तळाला हरभऱ्याएवढ्या रबरी गुठळ्या, पन्नास-साठ तरी असतात, अन् मुख्य म्हणजे टाचेखाली फोमची गादी असते, रनिंग शूजमध्ये असते तशी. नाव टर्फ असल्यामुळं लोकांना वाटतं हे फक्त प्लॅस्टिकच्या गवतासाठी. अरे भाऊ, मुरुमाच्या मैदानावर याच्याइतकं सुखाचं काही नाही. वजन पन्नास-साठ ठिकाणी वाटलं जातं, रबर जमिनीला धरतं, भेगेत अडकायला लांब काही नसतं. कमतरताही सांगतो. वर फुफाट्याचा जाड थर असला की पहिल्या दोन पावलांना थोडं सरकतं, म्हणून मी मैदानावर गेलो की आधी पाचदहा मिनिटं इकडंतिकडं वळून पाहतो, पाऊल छोटं टाकायची सवय लावतो. घसरणं परवडलं, अडकणं नाही परवडत. घसरला तर ढोपर सोलतं, अडकला तर गुडघ्याची दोरी जाते.

मला माहीत आहे, लगेच कोणीतरी म्हणणार की आमच्या वेळी अनवाणी खेळायचे. हो खेळायचे, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या टीममधले बरेच जण फ्रान्सविरुद्ध अनवाणी खेळले अन् मॅच २-१ नं गेली, म्हणजे लाज वाटण्यासारखी मुळीच नाही. अन् आपल्याच नागपुरात २००१ मध्ये विजय बारसे सरांनी पावसात तुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतले पोट्टे पाहिले अन् त्यातून स्लम सॉकर ही अशा पोट्ट्यांना फुटबॉल खेळवणारी संस्था उभी राहिली, त्या पोट्ट्यांनी काही आधी एफजी का एसजी असा विचार केला नव्हता. पण अनवाणी पायाला जमीन समजते, तो गोटा लागला की आपोआप आवरतं घेतो. चुकीच्या स्टडवर उभा असलेला पाय आंधळा असतो. म्हणून मी म्हणतो बूट नसला तरी चालेल, चुकीचा नको. बाकी मॅचला फुटबॉलच्या नियमाप्रमाणं पायात काहीतरी लागतंच, चौथ्या कायद्यात मोजे, शिनगार्ड अन् पादत्राण सक्तीचं आहे.

आता आपल्याकडचा खरा त्रास म्हणजे मैदान एकच असतं अन् वर्षात चार वेळा बदलतं. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत वर सांगितलं तसं, टीएफ, दुसरा विचार नाही. अन् जिथं काळी माती आहे तिथं भेगा पाहून घ्या. कापसाची ही माती पाणी पिऊन फुगते अन् वाळली की आक्रसते, मे महिन्यात भेगेत अख्खी बोटं जातात. शिवाय आपल्या मोठ्या मैदानांवर खेळापेक्षा मंडप जास्त लागतात, प्रदर्शन झालं, सभा झाली, लग्न झालं, की मागं खुंट्यांचे खड्डे अन् खिळे राहतात. खेळायच्या आधी दहा जणांनी एका ओळीत मैदानाची एक चक्कर मारायची, आम्ही तर खिळे गोळा करायला रिकामा डबाच ठेवतो. टीएफचा मऊ तळ खिळ्यापुढं काहीच नाही, तेवढी त्याची बाजू लंगडी आहे.

मग पाऊस. जूनच्या मध्यानंतर पहिले दोन-तीन चांगले झड पडले की मैदान आठ-दहा दिवस असं मस्त होतं की काय सांगू, वरून मऊ, खालून घट्ट, कोवळं गवत येऊन राहिलेलं. तेव्हा एफजी काढा. एफजीतही गोल स्टड घ्या, पातं नको, हे माझं मत. गोल स्टड जमिनीत फिरू शकतो, पातं एका दिशेला धरून ठेवतं, सरळ पळणाऱ्या विंगरला ते बरं वाटतं पण जागेवर वळणाऱ्याच्या गुडघ्याला नाही. जुना आदिदासचा कोपा मुंडियाल पाहा, १९७९ पासून तोच बूट, तेच बारा गोल स्टड, अजून विकला जातो. महाग आहे, घ्या असं म्हणत नाही, पण दुकानात तळ कसा असावा हे पाहायला नमुना म्हणून चांगला.

जुलै-ऑगस्टचा गारा, म्हणजे चिखल, हा वेगळा विषय आहे. मुरमाच्या मैदानावर पाणी निघून जातं, तिथं एफजीनं भागतं. काळ्या मातीवर मात्र काय होतं, तर पहिल्या पाच मिनिटांत स्टडच्या मधल्या जागेत माती बसते, मग त्या मातीला माती चिकटते, मग गवत, मग काडीकचरा, अन् बघता बघता पायाखाली तव्याएवढी भाकरी तयार. स्टड दिसतच नाहीत. बूट दोन किलोचा वाटतो, बॉल मारायला पाय उचलला की बॉलआधी मातीचा लगदाच गोलकीपरकडं जातो. मी हाफटाइमला बाभळीची काडी घेऊन बसायचो, आजही बॅगेत आइस्क्रीमची लाकडी चमची ठेवतो, ती या कामाला एक नंबर. तळाला खोबरेल तेल चोळून पाहिलं, पहिली पंधरा मिनिटं माती सुटते, नंतर जैसे थे, अन् घरी आल्यावर फरशीवर माझे काय हाल झाले ते जाऊ द्या.

अशा गाऱ्यात एसजी खरंच काम करतो. सॉफ्ट ग्राउंड, सहसा सहा स्टड, पुढं चार मागं दोन, लांब, बऱ्याचदा धातूच्या टोकाचे अन् किल्लीनं पिळून बदलता येणारे. स्टड कमी म्हणून मधली जागा मोकळी, माती कमी अडकते, अन् लांबीमुळं खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. नायकेच्या काही एसजींचा तळ तर असा येतो की ओला झाला की गुळगुळीत होतो अन् माती सोडून देतो. पिळायच्या स्टडची गोष्ट जुनी आहे, १९५४ च्या वर्ल्डकप फायनलला स्वित्झर्लंडमध्ये बर्नला पाऊस लागला, पश्चिम जर्मनीसोबत आदी डासलर होता, आदिदासवाला, त्यानं जर्मनांच्या बुटांना लांब स्टड पिळून दिले. हंगेरी २-० नं पुढं होती, शेवटी ३-२ नं जर्मनी जिंकली. आता ते फक्त स्टडमुळं जिंकले असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी पावसाला तयार कोण होतं ते तर दिसलंच.

तरीही एसजी घ्या असं मी सहसा कोणाला सांगत नाही. वर्षातले खरे गाऱ्याचे रविवार किती, आठ? दहा? त्यात अर्ध्या वेळा मैदानच बंद. त्याच मैदानात खाली कुठंतरी गोटे असतात, धातूचा स्टड गोट्यावर पडला की फरशीवर साबण. अन् गल्लीतल्या टुर्नामेंटवाले धातूच्या स्टडला बऱ्याचदा नाहीच म्हणतात, आधी विचारून घ्या, कारण रेफरी मॅचच्या आधी तळावर हात फिरवून पाहतो, अन् टोकाला धार आली असेल तर त्यानं बाहेर बसवलं तर त्याचं बरोबरच आहे. लीग खेळत असाल, पावसाळ्यात दर आठवड्याला मॅच असेल, तरच.

ऑक्टोबरबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पाऊस थांबला, ऑक्टोबर हीट आली, अन् सप्टेंबरमध्ये गाऱ्यात उमटलेले सगळे पाय, गाईम्हशींचे खूर, सायकलचे चाकोरे तसेच्या तसे वाळून भाजल्या विटेसारखे होतात. वरून वाढलेलं गवत, त्यामुळं दिसत नाहीत. माझ्या ओळखीतले जास्तीत जास्त घोटे याच महिन्यात मुरगळलेत, उन्हाळ्यात नाही. यावर बूट उपाय नाही. लांब स्टड घालून उंची वाढवली तर उलट घोटा लवकर कलंडतो, टीएफ जमिनीला जवळ असतो म्हणून तोच बरा, अन् जमलं तर कोणाच्या तरी ओळखीनं मैदानावर एकदा रोलर फिरवून घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सहाला खेळणाऱ्यांनी दवाचा विचार करायचा. जमीन खालून कडक झालेली, वर गवतावर दव, टीएफ घसरतो अन् लांब स्टड घुसत नाही. इथं एजी कामाला येतो. एजी म्हणजे आर्टिफिशियल ग्रास, एफजीपेक्षा आखूड, गोल, बऱ्याचदा मधून पोकळ, अन् संख्येनं जास्त स्टड. आठ वाजता ऊन आलं की टीएफ परत राजा.

टर्फवर या आता. शहरात चहूकडं जाळ्या लावलेले टर्फ झालेत, रात्री अकरालाही लाइट चालू. तिथं खाली प्लॅस्टिकचं गवत, त्यात वाळू अन् बऱ्याच ठिकाणी काळे रबराचे दाणे, अन् त्याखाली सिमेंट नाहीतर दाबलेली खडी. गवत दाट अन् दाणे भरपूर असतील तर एजी, अन् गवत झोपून चटईसारखं झालं असेल, आपल्याकडं दोन वर्षांत होतंच, तर टीएफ. एफजी घालून जाऊ नका. खरं गवत जोर आला की उपटतं, पाय सुटतो, प्लॅस्टिकचं गवत सोडत नाही, लांब स्टड त्यात रुतून बसतो अन् वळताना सगळा पीळ गुडघ्यात जातो. बुटाचंही नुकसान, घर्षणानं स्टड झिजतात, तळापासून उपटतात, अन् बऱ्याच कंपन्या एफजी बूट टर्फवर वापरला तर वॉरंटी देत नाहीत, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. डब्यावर एमजी किंवा एफजी-एजी असं जोडून लिहिलेलं दिसेल, म्हणजे मल्टी ग्राउंड, दोन्हीकडं चालतो. चालतो म्हणजे दोन्हीकडं पास होतो, फर्स्ट क्लास कुठंच नाही. एकच जोड घ्यायचा अन् खेळणं जास्त टर्फवर असेल तर मी टीएफच म्हणेन. उन्हाळ्यात दुपारी टर्फवर जाऊच नका हेही सांगून ठेवतो, प्लॅस्टिक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, तळाचा गम नरम पडतो, पायाला तर भाजतंच.

सिमेंटचा कोर्ट किंवा हॉलमधली लाकडी फरशी असेल तर आयसी, सपाट रबरी तळ, डाग न पाडणारा. पण सोसायटीतल्या सिमेंटवर धूळ असते, तिथं पाच मिनिटांनी तळ ओल्या फडक्यानं पुसत राहा. बाकी यात सांगण्यासारखं काही नाही.

मापाचं सांगतो कारण इथं पैसे वाया जातात. लोकं म्हणतात माझा आठ नंबर. कोणाचा आठ? नायकेचा यूके ८ म्हणजे युरोपियन ४२.५ अन् २७ सेंटिमीटर, आदिदासचा यूके ८ म्हणजे ४२ अन् २६.५ सेंटिमीटर. अर्धा सेंटिमीटर म्हणजे अंगठ्याचं नख काळं पडायला पुरेसा. म्हणून नंबर सोडा, सेंटिमीटर धरा. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, खेळायचेच मोजे घालून कागदावर उभं राहा, टाच भिंतीला, सगळ्यात लांब बोटापुढं रेघ मारा अन् मोजा. दोन्ही पाय, मोठा निघेल तो खरा. बुटात पुढं करंगळीच्या अर्ध्या रुंदीएवढी जागा राहिली की झालं. अन् आपल्यातल्या बऱ्याच जणांचे पाय पुढून पसरट असतात, जन्म चप्पलमध्ये गेलेला, त्यामुळं अरुंद बूट करंगळीला खातो. चामडं थोडं सैल पडतं, सिंथेटिक फारसं नाही, "वापरून सैल होईल" असं कोणी सिंथेटिकबद्दल म्हटलं तर मान डोलवा अन् दुसरा जोड मागा.

दुकानात माझी एकच परीक्षा असते. दोन्ही बूट घालून, लेस बांधून, दुकानाच्या टाइल्सवर दोन मिनिटं उभं राहायचं अन् चवड्यावर दहा उड्या मारायच्या. लोकं पाहतात, पाहू द्या. टाइल म्हणजे आपलं मे महिन्यातलं मैदानच आहे. तिथं स्टड खालून टोचला तर मैदानावर दुप्पट टोचणार. मग बूट हातात घेऊन वाकवायचा, तो चवड्याजवळ वाकला पाहिजे, जिथं पाय वाकतो तिथं. मधूनच वाकत असेल तर परत ठेवून द्या, कितीही स्वस्त असो.

लहान पोरांसाठी एक ध्यानात ठेवा. ८ ते १४ वर्षांत टाचेच्या हाडाची वाढ चालू असते अन् कडक जमिनीवर स्टड घालून पळाल्यानं त्या वाढणाऱ्या भागावर ताण येऊन टाच दुखते, डॉक्टर त्याला सेव्हर्स डिसीज म्हणतात, नाव भयानक आहे पण वाढ संपली की जातो. पोट्टा खेळून आल्यावर टाच धरून बसत असेल, पंज्यावर चालत असेल, तर त्याला नाटकं करू नको म्हणू नका, डॉक्टरला दाखवा अन् स्टड बंद करा. अन् "वाढतं अंग आहे" म्हणून दोन नंबर मोठा घेऊन पुढं कापूस कोंबणं बंद करा राजेहो, पाय आत सरकतो, घोटा जातो. भाच्याला मी शेवटी टीएफच घेऊन दिला, साधा काळा, नाक मुरडत घेतला त्यानं. घरी येईपर्यंत गाडीवर मागं बसून एक शब्द बोलला नाही.

पैशाचं म्हणाल तर निव्हिया, सेगा, व्हेक्टर एक्स, कॉस्को, डेकॅथलॉनचं किपस्टा, यांचा साधा टीएफ शिकणाऱ्याला भरपूर झाला. एक पाच हजारांचा घेण्यापेक्षा हजार-दीड हजारांचे दोन जोड, एक टीएफ अन् एक गोल स्टडचा एफजी, हे नागपूरसाठी जास्त शहाणपणाचं. फर्स्ट कॉपीच्या, म्हणजे नकली ब्रँडच्या, नादी लागू नका, वरून लोगो झकास अन् आत तळ पुठ्ठ्याचा, पहिल्या पावसात जीभ अन् तळ दोन्ही बाहेर.

भिजलेला बूट उन्हात ठेवायचा नाही, आपलं ऊन गम वितळवतं. आतला सोल काढायचा, पेपरचे बोळे कोंबायचे, सावलीत पंख्याखाली, दोन तासांनी बोळे बदलायचे. गाडीच्या डिकीत तर उन्हाळ्यात एक दिवसही नको, मी एक जोड तसाच घालवलाय, संध्याकाळी उघडली तर तळ केळीच्या सालीसारखा सुटलेला.

अन् नवीन बूट घेतला की घरी जायच्या आधी चौकातल्या मोच्याकडं जा. नुसत्या गमवर चिकटवलेला तळ आपल्या धुळीत अन् उन्हात टिकत नाही, चारी बाजूंनी शिलाई मारून घ्या, धागा नायलॉनचा, पुढच्या टोकाला दुहेरी. शंभरेक रुपये घेईल. तो बूट उलटासुलटा करून तुमच्याकडं पाहील अन् म्हणेल, "अरे भाऊ, हा तं नवाकोरा आहे, काहून शिवता?" म्हणायचं, मार तू.